मोड आलेली मतं

साल दोन हजार सहा. फेब्रुवारी महिना, ऑकलंडमधलं अवोन्डेल. नागपूरहून मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या द्रौपदीबाईंनी त्या शनिवारी गॅरेजमध्ये उभं राहून जाहीर केलं, "जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होते मी. सात निवडणुका घेतल्यात! एक मत इकडचं तिकडे झालं नाही. तुमचं भांडण म्हणजे काय, चहा उकळेपर्यंत मिटवते!"

भांडण मारामारीच्या व्हिडिओ गेमचं होतं. पुढच्या शनिवारी स्पर्धा. जिंकेल त्याला सिडनीच्या मोठ्या स्पर्धेचं तिकीट. पण खेळायचं कुठल्या आवृत्तीवर? गॅरेजमध्ये खेळायला जमणाऱ्या पोरांपैकी पेनरोजच्या गोदामात काम करणारा यशोधन नव्या डिस्कच्या बाजूचा, त्याचा जिगरी दोस्त टामा जुनीच्या. दोघे तीन आठवडे एकमेकांशी बोलत नव्हते, आणि रोज एकाच गाडीतून कामाला जात होते!

बाईंना त्या गेममधलं एकच कळत होतं. नात संघमित्रा त्यात काठीवाली म्हातारी घेऊन खेळायची. म्हातारी उडी मारून अशी लाथ घालायची, की समोरच्या पैलवानाचा पापड व्हायचा! आणि नवी डिस्क आली त्या दिवशी संघमित्रा फोनवर किंचाळली होती, "म्हातारीची लाथच काढून टाकली! आय अॅम फिनिश्ड!" पोरगी रडली, जेवली नाही. बाईंच्या काळजात ती लाथ तेव्हापासून रुतली होती. वय झालं की एकेक काढून घ्यायचं, ही कसली सुधारणा?

मतदान गुप्त. जुनीला मूग, नवीला मटकी. एकेकाने स्वयंपाकघरात जाऊन डब्यात एक दाणा टाकायचा. मतदार एकोणीस. बाईंनी प्रत्येकाच्या बोटाला शाई लावली.

"स्वीट अॅज, आजी!" अशी खास तिकडची शाबासकी देत टामाने ते बोट नाचवत फोटो काढून घेतला.

मोजणी मात्र दुसऱ्या दिवशी दुपारी. "निकाल लगेच लावला की त्याला वजन राहत नाही," बाई म्हणाल्या.

संध्याकाळी डबा आणि बाई दोघेच उरले. बाईंनी झाकण जरासं उचललं. आठ मूग, अकरा मटकी! म्हातारी हरली! सिडनी बुडाली!

फक्त चार मूग हवे होते. एकोणीस माणसांची तेवीस मतं कशी, ते मागाहून बघता आलं असतं. पण कोरडे मूग वरच्या फळीवर, आणि सून ममताच्या जँडल्स, म्हणजे तिकडच्या रबरी सपाता, पॅसेजमध्ये फटफटू लागलेल्या! हाताशी होते ते उसळीसाठी भिजवून फडक्यात बांधलेले मूग. बाईंनी गाठ सोडली, हात घातला, घाईत मूठच निघाली! ती डब्यात कोंबली, झाकण दाबलं, गाठ मारली.

"काय करताय, आई?"

"बंदोबस्त!"

रविवारी टामाने सगळ्यांसमोर डबा वर्तमानपत्रावर उपडा केला. सगळे पुढे वाकले.

"ब्रो," तो हळूच म्हणाला, "द व्होट्स आर ग्रोइंग!"

एकोणीस दाणे कोरडे ठणठणीत. बाकी चाळीसेक मूग शेपट्या वर करून बसले होते!

"बोगस मतदान!" यशोधन ओरडला. "टामा, हे तुम्हा जुनीवाल्यांचंच काम!"

"माझं? मूग खायचे असतात हे मला काल कळलं!"

"उद्यापासून बसने जा!"

"जाईन! पण गाडी माझी आहे!"

बाईंनी आवाज चढवला, "उगाच भांडू नका! इथली हवाच दमट. कशालाही मोड येतात."

"मग मटकीला का नाही आले, आई?" ममता शांतपणे म्हणाली. "आणि माझ्या फडक्याची गाठ उलटी कशी? या घरात डावखुरं कोण आहे?"

अठरा जणांनी बाईंच्या डाव्या हाताकडे पाहिलं. एकोणिसावी संघमित्रा, तिने डोळेच मिटून घेतले होते.

"मी केलं!" बाई फुटल्या. "चारच घेणार होते, मूठ आली! या पोरीसाठी केलं. मेल्यांनी तिची म्हातारी लुळी करून ठेवली!"

"आजी! ती गोष्ट महिन्यापूर्वीची!" संघमित्राने कपाळावर हात मारला. "लाथ काढली, पण काठी हीप्स म्हणजे हीप्स, खूपच लांब केली. नवीत ती कुणाला जवळच येऊ देत नाही! अकरा मटकींतली एक माझी आहे. मला विचारायचं तरी!"

नवी डिस्क ठरली. बोगस मतांची त्याच दुपारी उसळ झाली, आणि सर्वांत जास्त आरडाओरडा करणाऱ्या यशोधनने ती दोनदा घेतली.

संघमित्रा लांब काठीवर स्पर्धा जिंकली, सिडनीला गेली आणि दुसऱ्याच फेरीत हरली. आता ती रिकार्टनला फिजिओथेरपिस्ट आहे. म्हाताऱ्यांचे गुडघे दुरुस्त करते. यशोधन सोमवारी टामाच्याच गाडीतून कामाला गेला. पुढे दोघांनी भागीत टेम्पो घेतला. हल्ली टेम्पोतल्या वायरलेस रेडिओवरून भांडतात. ममता अजून मुगाच्या फडक्याला दोन गाठी मारते. आणि द्रौपदीबाई नागपुरात सगळ्यांना सांगतात, सात निवडणुका घेतल्या, एक मत इकडचं तिकडे झालं नाही. आठवीचं कुणी विचारलं की त्यांना ऐकू येत नाही.

मला हे इतकं बारीकसारीक कसं ठाऊक, ते मात्र विचारू नका. डावखुऱ्या बायका जगात पुष्कळ असतात!