परब अण्णांनी काठी निवडली

आमच्या लालबागच्या चाळीत लोक कुत्रा फिरवायला काढतात, तशी परब अण्णा संध्याकाळी गॅलरीत चप्पल फिरवायला काढत. डाव्या हातात मासेमारीचा रॉड, उजवा हात पँटच्या खिशात, आणि मागून तंगुसाला, म्हणजे गळाच्या नायलॉन दोरीला, बांधलेली जुनी चप्पल सरपटत यायची. ती कुणाच्या उंबऱ्याला अडकली की अण्णा थांबत, रॉडच्या टोकाकडे बघत आणि मान हलवत. "मुकी आसा ही. काय बोलणाच नाय." दुसऱ्या दिवशी काठी दुकानात परत.

अण्णा निवृत्त कारकून. पोहता येत नाही. चौपाटीवरसुद्धा घोटाभर पाण्याच्या पुढे कधी गेले नाहीत. आणि या माणसाला तलावात ट्रोलिंग करायचं होतं. म्हणजे होडी हळूहळू चालू ठेवायची आणि गळ मागून ओढत न्यायचा. फेकाफेकी नाही, नुसतं काठी धरून बसायचं.

"मग कुठलीही काठी घ्या की," मी एकदा म्हणालो.

मी सुरमईला बोंबील म्हटलं असावं, असं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "अरे, टोक मऊ व्हया. मासो लागलो की वाकान सांगूक व्हया. मूठ लांब, काखेत धरूक. आणि हलकी. खूप हलकी."

माहीमचा दुकानदार तर अण्णा दिसले की शटरच्या काठीला हात घालायचा. त्याने एकदा विचारलं, "काका, आप लेफ्टी हो क्या?"

"नाय."

"तो राइट हँड से पकडो ना!"

"उजवो हात नाय वापरूचो," अण्णा म्हणाले आणि पुढची काठी मागितली.

चाळीतल्या बायका चिडायच्या. घरात अण्णांची बायको, नलूवहिनी, पलंगावर. अर्धांगाने उजवी बाजू गेलेली, जीभ जड झालेली. आणि नवरा चपला ओढत फिरतोय! शेवटी माझ्या बायकोने त्यांना गॅलरीत गाठलं. "अण्णा, वहिनींजवळ बसायचं सोडून हे काय मांडलंय?"

"तिचाच काम चल्लाहा," अण्णा म्हणाले.

मग जरा वेळाने, खाली बघत बोलू लागले. "नलू नदीकाठची. ल्हान चेडू असताना बांबूची काठी घेऊन दिवसभर गळ टाकून बसायची. लग्नानंतर एकदा म्हणालेली, तळ्यावर न्हेशात काय? मी म्हटलंय, माका पाण्याची भीती वाटता. परत तिनं विचारल्यान नाय. आता उजव्या हातान गळ फेकूचो कसो? पण होडी चालली तर नुसती धरूक येतली, डाव्यान." ते थांबले. "आता डावोय हात चल्लो. डॉक्टर म्हणतत, जातलोच. दर महिन्याक अजून हलकी काठी बघूची लागता."

माझी बायको घरात गेली.

अखेर एक काठी अण्णांच्या मनास आली. टॅक्सी करून आम्ही वहिनींना कर्जतच्या पुढच्या एका तलावावर नेलं. मी आणि होडीवाल्याने त्यांना उचलून होडीत बसवलं. अण्णा दोन्ही हातांनी होडीची कड धरून, पांढरेफटक पडून शेजारी बसले. काठीची मूठ वहिनींच्या डाव्या काखेत, बोटं मुठीच्या कॉर्कवर. होडी निघाली.

बराच वेळ काहीच नाही. मग टोक थरथरलं आणि वाकलं. छान, अगदी खाली वाकलं.

"नलू! लागलो!"

वहिनी टोकाकडे बघत होत्या. तोंडाची जी बाजू हलायची, ती हसली. आणि तेवढ्यात त्यांची बोटं आपोआप उघडली. काठी काखेतून सरकली, कडेवर आपटली आणि पाण्यात गेली. होडीवाला झेपावला, पण हाताला पाणीच लागलं.



"काठीच भिकार," अण्णा जोरात म्हणाले. "मूठ गुळगुळीत. त्या दुकानदाराक मी सोडूचंय नाय."

वहिनींनी एकेक शब्द ढकलत म्हटलं, "काठी... बरी... होती."



"काठाकडे परत फिरवू?" होडीवाल्याने विचारलं.

अण्णांनी नकारार्थी मान हलवली. होडीची कड सोडली. वहिनींचा उघडा पंजा त्यांनी मांडीवर घेतला, त्यात आपला अंगठा ठेवला आणि त्यांची बोटं एकेक करून त्याभोवती मिटवली.

"चालू दे," ते म्हणाले. "सावकाश."