भिंतीपलीकडचे सात फूट

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं म्हणतात. आयुष्यभर लोकांच्या घरांचे नकाशे काढणाऱ्या नकाशेवाल्यांनी ही दोन्ही कामं तरुणपणीच उरकली होती. निवृत्त झाल्यावर त्यांनी दोन्हींना चाकं लावायचं ठरवलं. म्हणजे एक मोटरहोम, झोपायची-रांधायची सोय असलेली गाडी, विकत घ्यायची आणि बायकोला सोबत घेऊन उरलेलं आयुष्य हिंडत काढायचं.

अडचण बायकोची होती. तिने पस्तीस वर्षं पोस्टाच्या खिडकीमागे काढली होती. बोलणाऱ्या माणसात आणि आपल्यात निदान एक काच असावी, एवढीच तिची जगाकडून अपेक्षा होती.

“तुमच्याबरोबर चोवीस तास एका डब्यात?” ती म्हणाली. “आधी एक आठवडा राहून दाखवा. शनिवारी आपण एकमेकांशी बोलत असलो, तर गाडी बुक करू. नसलो, तर विषय बंद.”

“पण गाडी घेतल्याशिवाय राहायचं कुठे?”

“ते तुमचं काम. नकाशे तुम्ही काढता.”

शोरूमवाल्याने त्यांना तीन प्रकार दाखवले होते. एक लहान, व्हॅनमध्येच पलंग आणि ओटा बसवलेली. दुसरी मधली, जिच्यात ड्रायव्हरच्या डोक्यावर झोपायची जागा असते. तिसरी मोठी, जवळजवळ बसच. नकाशेवाल्यांनी तिन्हींची मापं टिपून आणली, दिवाणखान्यातलं सामान बाजूला सारलं आणि सोमवारी सकाळी फरशीवर खडूने लहान गाडी काढली. अठरा फूट लांब, सहा फूट रुंद.

“रेषेच्या आत घर. बाहेर रस्ता,” ते म्हणाले.

“आणि बाथरूम?”

“गाडी थांबवून.”

पहिल्या तासातच दाराची बेल वाजली. बायको उठली, तसे नकाशेवाले खुर्चीवरून, म्हणजे ड्रायव्हरच्या जागेवरून म्हणाले, “थांब. गाडी साठच्या वेगात आहे.” त्यांनी रीतसर वेग कमी करून गाडी कडेला घेईपर्यंत कुरिअरवाला निघून गेला होता. त्याच्या पाकिटात बायकोचा नवा चष्मा होता.

खरा प्रश्न वाटेचा होता. बायको ओट्याशी उभी असली की मागे दीड फूट उरायचं आणि नकाशेवाल्यांचं पोट त्याहून अंमळ जास्त होतं. त्यांना पलीकडे जायचं असलं की तिने पलंगावर चढायचं, ते गेले की उतरायचं. मंगळवारी दुपारपर्यंत ती बावीस वेळा चढली. तेविसाव्या वेळी चढली ती उतरलीच नाही.

“जेवण?” नकाशेवाल्यांनी विचारलं.

तिने भिंतीकडे तोंड केलं. शनिवारला चार दिवस उरले होते आणि बोलणं आताच आटलं होतं. नकाशेवाल्यांनी ओल्या फडक्याने लहान गाडी पुसली आणि मधली काढली.

मधल्या गाडीत वरच्या मजल्यावर ते स्वतः झोपणार होते. वरचा मजला म्हणजे जेवणाचं टेबल. झोपणाऱ्याच्या नाकापासून दोन फुटांवर छत असतं, म्हणून त्यांनी आधी चादर ताणून बघितली. पण चादरीला डोकं आपटत नाही, तर माणूस शिकणार काय? त्यांनी जुना ड्रॉइंग बोर्ड काढला आणि चार स्टुलांवर बसवला. बुधवारी पहाटे गजर झाला आणि ते सवयीप्रमाणे ताडकन उठून बसले.

बायकोने बर्फ आणून दिला. नकाशेवाल्यांना बरं वाटलं. न बोलता का होईना, दिला तर. गुरुवारीही गजर झाला आणि गुरुवारीही ते उठून बसले. या वेळी बर्फ आला नाही.

उरली मोठी. ती होती एकोणतीस फूट आणि दिवाणखाना बावीस. नकाशेवाल्यांनी दोनदा मोजलं. आकडा तोच आला. मागचे सात फूट, म्हणजे नेमका झोपायचा भाग, भिंत ओलांडून शेजारच्या शिंपीणबाईंच्या घरात जात होता. दुसरा कुणी असता तर त्याने सात फूट सोडून दिले असते. पण नकाशेवाल्यांनी जन्मात कुणाचं बांधकाम अर्धवट दाखवलं नव्हतं. ते खडू घेऊन शेजारी गेले.

शिंपीणबाईंनी शिलाई मशीन थांबवून सगळं ऐकून घेतलं. “म्हणजे तुमची मागची खिडकी माझ्या मशीनवर येते?” त्यांनी विचारलं.

“खिडकी कपाटावर. मशीनवर स्टेपनी.”

“मग हरकत नाही. वहिनींना पाठवा.”

गुरुवारी आणि शुक्रवारी बायको गाडीच्या मागच्या भागात झोपली. पुढे नकाशेवाले आरामखुर्चीत एकटेच बसले. भिंतीपलीकडून अधूनमधून हसण्याचा आवाज यायचा. आपली बायको एवढं हसते हे त्यांना माहीत नव्हतं.

शनिवारी सकाळी ती दारातून आत आली, तीच मुळी बोलत. “झोप लागली का हो? डोक्याचं टेंगूळ दाखवा बघू. चहा कोण करतंय, तुम्ही की मी?”

नकाशेवाल्यांना आनंद मावेना. मोठीच योग्य, हे सिद्ध झालं होतं. ते तिला तडक शोरूममध्ये घेऊन गेले आणि सहीसाठी पेनाचं टोपण काढलं.

“मधे भिंत आहे का?” बायकोने शोरूमवाल्याला विचारलं.

“पडदा आहे, मॅडम. छान जाड आहे.”

“पडदा नको. पलीकडे जायचं तर चपला घालून, दारातून बाहेर पडून जावं लागेल, अशी भिंत हवी.”

“तशी भिंत कुठल्याच गाडीत नसते.”

बायकोने कोपऱ्यात उभ्या असलेल्या दोन जुन्या लहान व्हॅनकडे बोट केलं. “मग त्या दोन द्या.”

शोरूमवाल्याने हिशेब केला. दोन्ही मिळून मोठीपेक्षा स्वस्त पडत होत्या.

“अगं, पण सोबत जायचं म्हणून तर हे सगळं,” नकाशेवाले म्हणाले. त्यांना खरोखर वाईट वाटत होतं.

“सोबतच जातोय. मी पुढे, तुम्ही मागे. लायसन माझ्याकडेही आहे, तुम्ही कधी स्टिअरिंग सोडलं नाहीत म्हणून विसरलात.”

महिन्याभराने ते निघाले. दिवसभर नकाशेवाले पुढच्या व्हॅनचे मागचे दिवे बघत, तोंड पाडून गाडी हाकत होते. संध्याकाळी एका तळ्याकाठी दोन्ही गाड्या शेजारी लागल्या. ते थोडा वेळ आपल्या गाडीत बसून राहिले. मग करमेना, म्हणून चपला घातल्या, उतरले आणि तिच्या दारावर टकटक केली.

“कोण?”

“मी.”

आत काहीतरी भराभरा हललं. भांडं सरकलं, चादर झटकल्याचा आवाज आला.

“दोन मिनिटं थांबा हं. जरा आवरते.”

आपण येणार म्हणून तिने घर आवरलंय, असं गेल्या पस्तीस वर्षांत कधी झाल्याचं नकाशेवाल्यांना आठवेना. त्यांनी सदरा नीट खोचला, केसांवरून हात फिरवला आणि दार उघडायची वाट बघत उभे राहिले.