पिन कोण धरणार?

देवरेकाका तुमच्या घरी मिक्सर दुरुस्त करायला आले, तर ते आधी मिक्सरकडे बघत नाहीत. बोर्डातली पिन काढतात आणि ती तुमच्या हातात देतात. "धरा," म्हणतात, "मी सांगेपर्यंत सोडायची नाय." मग तुम्ही कोणीही असा, काम संपेपर्यंत पिन मुठीत धरून त्यांच्यासमोर बसायचं. टेबलावर ठेवायची नाही, मांडीखाली सरकवायची नाही, आणि मध्येच उठून गॅसवरचं दूध बघायला जायचं तर नावच काढायचं नाही.

नाशकात इंदिरानगरातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये काकांसाठी पिन धरली नाही असा माणूस सापडायचा नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी इस्त्रीची धरली आहे. सत्यनारायणाच्या दिवशी माइकचा डबा बंद पडला, तेव्हा गुरुजींनी एका हातात पळी आणि दुसऱ्या हातात पिन धरून अर्धा अध्याय नुसत्या घशावर सांगितला. माझं भिंतीवरचं घड्याळ बिघडलं तेव्हा मी खूश होते, कारण घड्याळाला पिन नसते. काकांनी आतला सेल काढला, माझ्या तळहातावर ठेवला आणि माझी मूठ मिटली.

"काका, एका सेलनं काय होणार आहे?"

"काही नाय होणार. तुमच्या मुठीत आहे ना आता."

काका मूळचे देवळ्याकडचे. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी शालिमारजवळच्या एका रेकॉर्डिंग स्टुडिओत काढली. देवीची गाणी, लग्नाची गाणी, शाळांची स्वागतगीतं, असं सगळं तिथे व्हायचं. पुढे स्टुडिओ बंद पडला आणि जाताना मालकानं आपलं लाडकं यंत्र काकांना देऊन टाकलं. ते यंत्र म्हणजे डॅट रेकॉर्डर. डॅटची टेप पत्त्यांच्या कॅटपेक्षाही लहान असते, पण कॅसेटी निघायच्या त्या हिच्यावरच्या मूळ रेकॉर्डिंगवरून. काकांनी हे यंत्र हॉलमध्ये, देवघराच्या शेजारी ठेवलं आहे. वर काकूंनी विणलेला रुमाल असतो. दोघांपैकी कोणासमोर काका जास्त वेळ बसतात, हे मी सांगत नाही.

यंत्र उघडायचे त्यांचे नियम सोवळ्यासारखे आहेत. अंगठी आणि घड्याळ काढून खिळ्याला अडकवायचं. पिन काढली तरी लगेच आत हात घालायचा नाही. "आतला करंट निजू द्यावा लागतो, बाई." मी शाळेत गाणं शिकवायचे, म्हणून मी त्यांची बाई. तो करंट निजेपर्यंत काका चहा पितात, आणि त्यांचा करंट फार उशिरा निजतो. कोणी घाई केली की म्हणतात, "घाई झाली की वास येतो." वास म्हणजे जळका. हे ते यंत्रांबद्दल म्हणतात तसंच सोसायटीच्या रंगकामाबद्दल म्हणतात, आणि माझ्या भाच्यानं झटपट ठरवलेल्या लग्नाबद्दलही त्यांनी ते मांडवातच म्हणून ठेवलं होतं.

त्यांच्या स्वतःच्या घरी मात्र पिन धरायचं काम एकाच माणसाचं, मंदाकाकूंचं. काका यंत्र उघडून बसले की काकू समोर पाटावर बसणार आणि उजव्या हातात पिन धरून डाव्या हातानं मेथी निवडणार. दोघं एकमेकांशी बोलतही नसत. काम झालं की काकू पिन परत काकांच्या हातात देत आणि काका ती बोर्डात लावत. मी कितीदा तरी पाहिलं आहे, आणि हसू आवरत नाही म्हणून काहीतरी निमित्त काढून घरी पळाले आहे.

यंदा लेकीचं बाळंतपण निघालं आणि काकू पुण्याला गेल्या. काका एकटे राहिले. तांदूळ टिचले म्हणून खिचडी नीट होत नाही, असं ते सांगत. तांदळाचा काही दोष नव्हता. बिल्डिंगमधली बिघडलेली यंत्रं संपली, तेव्हा ते चांगली चाललेली यंत्रंही विचारू लागले. "पंखा आवाज करतोय का हो?" मी नाही म्हटलं की थोडे हिरमुसायचे.

आणि नेमकं तेव्हाच मला त्यांची गरज लागली. माझ्या जुन्या मुलींचं संमेलन ठरलं. मुली म्हणजे आता त्यांची मुलं कॉलेजात आहेत. शाळेत असताना त्यांनी मी चाल लावलेलं एक गाणं काकांच्या स्टुडिओत गायलं होतं. माझ्या आयुष्यात मी लावलेली तेवढी एकच चाल मला मनापासून आवडते. घरोघरच्या कॅसेटींना बुरशी चढली होती, पण मूळ डॅट टेप काकांनी जपून ठेवली होती. मुलींना न सांगता ते गाणं संमेलनात लावायचं, असं मी मनात धरलं होतं.

काकांनी रुमाल बाजूला केला आणि टेप आत सरकवली. यंत्रानं ती गिळली, आत काहीतरी कुरकुरलं आणि सगळं थांबलं. टेप वाजेना, बाहेरही येईना. काकांचा चेहरा उतरला.

"आतल्या गोल ड्रमला टेप गुंडाळलेली असते," ते हळू आवाजात म्हणाले. "ओढली तर तुटेल. तुमची ही एकच."

"मग उघडा ना!"

"पिन कोण धरणार?"

"मी धरते की!"

काकांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही बोलताना हातवारे करता, बाई. मिक्सरला चालतं. याला नाय चालणार."

मला एवढा राग आला की चहा तसाच टाकून मी वर आले. चाळीस मुलींना एका सुरात उभं करणारी मी, आणि मला एक पिन धरता येत नाही!

पुढच्या आठवड्यात त्यांनीच बोलावलं. टेबलावर पांढरं फडकं अंथरून त्यावर यंत्र उघडून ठेवलं होतं. घड्याळ आणि अंगठी खिळ्याला होती. समोर साखरेच्या डब्याला मोबाइल टेकवलेला, आणि मोबाइलमध्ये पुण्याहून मंदाकाकू. काकूंच्या हातात, जपमाळ धरावी तशी, एक काळी वायर होती.

त्या रेकॉर्डरची वायर मागून सुटी निघते. काकांनी ती कुरिअरनं पुण्याला पाठवली होती. यंत्र नाशकात, वायर पुण्यात.

"बाई, बाबांना काहीतरी सांगा हो!" मागून लेक ओरडली. "आई बाळाला घ्यायचं सोडून वायर धरून बसलीय!"

"तू गप गं," काकू म्हणाल्या. "तुम्ही करा वो. मी धरलीये."

मग काकांनी हात घातला. एका बारीक मोटरची चकती बोटाच्या टोकानं इतक्या हळू फिरवायला लागले की मला वाटलं, ते नुसतेच बसलेत. ड्रमभोवतीची टेप केसाकेसानं सैल होत मागे आली. सैल झालेला भाग त्यांनी दुसऱ्या बोटानं चक्रीवर ओढून घेतला, आणि शेवटी टेप अलगद बाहेर काढून माझ्यासमोर धरली. सुरकुतीसुद्धा नव्हती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी पुसलंही नाही. आतलं जुनं ग्रीस वाळून लाखेसारखं झालं होतं. ते त्यांनी काढलं, नवं अगदी टिपूसभर लावलं. मऊ कातड्याची काडी स्पिरिटात बुडवून ड्रम आडवा पुसला. उभा पुसला तर त्यातलं टेप वाचणारं हेड मोडतं म्हणे. मग झाकण लावलं, स्क्रू घट्ट केले.

"आता लावून बघू," मी म्हटलं. "माझ्या रेडिओची वायर अशीच आहे, आणते."

"नको. हिची वायर येईल."

"काका, रविवारी संमेलन आहे!"

"घाई झाली की..."

पुढचं ऐकायला मी थांबले नाही. घरी येऊन तडक काकूंना फोन लावला आणि त्यांच्या नवऱ्याची यथेच्छ तक्रार केली. काकूंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बाई, त्यांच्या उजव्या हाताची करंगळी वाकडी आहे, बघितली?"

बघितली होती. जन्मतःच असेल असं वाटलं होतं.

"ती मी केली. लग्न नवीन होतं. हे अ‍ॅम्प्लिफायर उघडून बसलेले, आणि मला दिसलं पिन पडलीये. मला वाटलं निघाली असंल. मी लावली. लय लांब फेकले गेले हो. त्यानंतर मी घरातल्या बटणालाच हात लावेना. हे संध्याकाळी यायचे तर मी अंधारात बसलेली. सासूबाई बोलायच्या, मी बसूनच. हे काही बोलले नाहीत. एक दिवस यंत्र उघडायच्या आधी पिन काढली नि माझ्या हातात दिली. म्हणाले, ही तुझ्याकडे असली की मला काही होत नाय. त्या संध्याकाळी मी दिवा लावला."

माझी तक्रार मी तिथेच सोडून दिली.

"आता सगळी बटणं लावते मी," काकू म्हणाल्या. "फक्त हे यंत्रापाशी असले की पिन मात्र लावत नाही. त्यांच्या हातात परत देते."

माझ्या पोटात गोष्ट राहत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात काका भेटले, तेव्हा हे शेवटचं मी त्यांना सांगून टाकलं. "त्यांना अजून भीती वाटते, काका." काका कठड्याला धरून उभे राहिले. एवढ्या वर्षांत त्यांच्या हे लक्षात आलं नव्हतं, हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

शनिवारी दुपारी काकू आल्या. द्वारका चौकात बसमधून उतरून रिक्षानं, बाळाला दोन दिवस जावयाच्या आईवर सोपवून. कुरिअरवाले वायर कशीही फेकतात, असं त्यांनी लेकीला सांगितलं होतं. पाणीसुद्धा न घेता त्यांनी पर्समधून वायर काढली आणि काकांपुढे धरली.

काकांनी वायरचं एक टोक यंत्राच्या मागे बसवलं. पिन घेतली नाही. खुर्ची ओढून यंत्रासमोर बसले आणि वाकड्या करंगळीचा तो हात झाकणावर ठेवला.

"तू लाव," म्हणाले.

काकू माझ्याकडे बघायला लागल्या. मी फरशीकडे.

"हात काढा आधी," काकू म्हणाल्या.

"झाकण बंद आहे. स्क्रू लावलेत. मी सगळं बघितलंय. लाव तू."

"बाई लावतील."

"बाई हातवारे करतात."

काकू बोर्डापाशी गेल्या. पिन भोकात बसायला जरा वेळ लागला. मग त्यांनी डोळे मिटले आणि बटण दाबलं. यंत्रावर हिरवा आकडा उमटला. काका हलले नाहीत.

आधी त्यांनी डाव्या हातानं एक रिकामी टेप घालून पाहिली. ती आत गेली, फिरली, परत आली. मग माझी घातली. हॉलमध्ये माझ्या मुली गायला लागल्या, तिसऱ्या ओळीला दरवेळी घसरायच्या तशाच घसरल्या. इतके दिवस या गाण्यासाठी मी जिवाचं रान केलं होतं, पण माझं तिकडे लक्ष नव्हतं. काकू येऊन काकांच्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या होत्या आणि त्यांनी आपला हात काकांच्या हातावर ठेवला होता.

"झालं ना वो," काकू म्हणाल्या. "काढा आता हात."

"काढतो," काका म्हणाले, आणि गाणं संपेपर्यंत तसेच बसून राहिले.