नंबरप्लेट नको म्हणून नंबरप्लेट

मी कायदा पाळणारा माणूस आहे. रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी लाल दिव्याला थांबतो. त्यामुळे चौकात हवालदारानं हात केला तेव्हा मी काच खाली करून चक्क हसलो!

"पुढची नंबरप्लेट कुठंय?"

"नाही."

"पडली?"

"नव्हतीच कधी. मागे आहे ना."

गाडी माझ्या लग्नाच्या कितीतरी आधीची. कारखान्यानं पुढे आरशासारखा बंपर दिला, पण नंबरप्लेटला जागाच ठेवली नाही. समोरून येणारा ओळखेलच, असा त्यांचा समज असावा.

"दोन भोकं पाडा आणि बसवा," हवालदार म्हणाला. "पुढच्या आठवड्यात अशीच दिसली तर उचलून नेईन."

भोकं! त्या बंपरला! म्हणजे खापरपणजोबांना नाक टोचून घ्यायला सांगण्यातलाच प्रकार! शिवाय गाडी सासरेबुवांची. देतानाच त्यांनी बजावलं होतं, "जावईबापू, ओरखडा जरी दिसला तरी गाडी धाकट्या जावयाकडे जाईल." धाकटा जावई म्हणजे माझा साडू. हा गृहस्थ आमच्याकडे आला की आधी गॅरेजची विचारपूस करतो, मग आमची.

मी तडक नोंदणी कार्यालय गाठलं.

"जुन्या गाड्यांना सूट आहे की!" खिडकीतल्या बाई म्हणाल्या. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. "अर्जाला गाडीचा समोरून काढलेला फोटो जोडा. नंबर स्पष्ट दिसला पाहिजे."

"अहो, पण नंबर मागे आहे!"

"मग समोरून कसा दिसणार?"

"तेच तर म्हणतोय मी!"

"म्हणून पुढे नंबरप्लेट बसवा, फोटो काढा. मग नंबरप्लेट न बसवण्याची सूट मिळेल."

मी मागे वळून पाहिलं. रांगेतलं कुणीही हसत नव्हतं.

पहिल्यांदा मी प्लेट सुतळीनं बांधली. बाईंनी फोटो परत केला. "बांधलेली नको. पक्की हवी."

मग बायकोला बंपरखाली आडवं केलं आणि प्लेट तिच्या हातात दिली.

"अहो, आटपा! माझ्या नाकावर ऑइल ठिबकतंय!"

"हलू नकोस, सात तिरका येतोय!"

बाईंनी फोटो डोळ्यांजवळ नेला. "ही बोटं कुणाची?"

"गाडीचीच. मूळची आहेत."

"नेलपॉलिश लावलेली?"

"त्या काळी लोकांना रंगाची फार हौस होती हो."

फोटो परत! एवढं करून बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, ते वेगळंच.

शेवटी हार्डवेअरवाल्याकडून डिंकाचा बाप म्हणावा असा गोंद आणला. "हत्ती चिकटवा, साहेब. जागचा हलणार नाही."

"मला हत्ती नको. मला दोन मिनिटांपुरतं चिकटवायचंय."

"मग वरून कोमट पाणी ओता. आपोआप सुटेल."

प्लेट चिकटवली, फोटो काढला. बाईंनी तो पसंत केला आणि सूटपत्रावर धाडकन शिक्का मारला! मी जग जिंकल्यासारखा निघालो, तेवढ्यात मागून त्यांचा आवाज आला, "आता पुढची प्लेट काढा बरं का. सूट असलेल्या गाडीला ती दिसली तर दंड आहे!"

कोमट पाणी ओतलं. मग कढत ओतलं. मग केस वाळवायचं यंत्र, मग खोबरेल, मग बायकोचे टोमणे. प्लेट ढिम्म! शेवटी पाय बंपरला टेकवून सगळा जीव एकवटून ओढली, तशी ती सुटली. सोबत बंपरची चकाकीही घेऊन आली. मागे उरला काळपट, चौकोनी चट्टा, चांगला हातभर!

रविवारी सासरेबुवा आले. ते गॅरेजमध्ये शिरताच मी म्हणालो, "भोक मात्र एकही पाडलेलं नाही हं!"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. चट्ट्यावरून बोट फिरवलं. "खरंय. भोक नाही." आणि हात पुढे केला.

मी भारावून तो हातात घेतला.

"किल्ली, जावईबापू."

आठवड्याभरात साडूचा फोन! "दादा, तुमचं सूटपत्र झक्कास चालतंय हो! पोलीस बघतो आणि सोडतो! फक्त पुढचा तो चट्टा फार वाईट दिसतो. काही उपाय?"

आता सांगा, जळफळणाऱ्या माणसाला असं विचारावं का कुणी?

"सोपं आहे," मी म्हणालो. "त्यावर नंबरप्लेट चिकटव. अगदी त्याच मापाची बसेल."

त्यानं त्याच दिवशी चिकटवली. दुसऱ्या दिवशी चौकात पकडला गेला. दंड झाला, चांगला घसघशीत. आणि पावती कुणाच्या नावावर फाटावी? सूटपत्र ज्याच्या नावावर, त्याच्या!

पावती घेऊन सासरेबुवा जातीनं आमच्याकडे आले. "असल्या गाडीला पुढे प्लेट लावायचा सल्ला त्याला दिला तरी कुठल्या गाढवानं?"

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी पैसे आणायला आत गेलो.