चार सेकंदांची तिजोरी

ऑर्व्हिल टकेटची बारा बोअरची बंदूक तीस वर्षं झोपायच्या खोलीच्या दारामागे, छत्रीशेजारी उभी होती. एवढ्या काळात तिने कुणाचं संरक्षण केलं नाही, कारण आमच्या हिकरी बेंडमध्ये चोऱ्या होतच नाहीत. शेवटची झाली ती अकरा वर्षांपूर्वी, चर्चच्या पायरीवरचा भोपळा गेला तेव्हा. ऑर्व्हिल मात्र ‘ते’ कधीही येतील म्हणून तयार असे. ‘ते’ म्हणजे नक्की कोण, हे त्याने अजून ठरवलं नव्हतं.

नोव्हेंबर लागला आणि त्याच्या मुलीचा, ग्लेंडाचा फोन आला.

“बाबा, थँक्सगिव्हिंगला येतोय. पण मेबेल आता चार वर्षांची झालीय, घरभर हिंडते. ती बंदूक कुलपात नसली, तर जेवून लगेच निघू. मुक्काम नाही.”

“अगं, मी कुलूप काढेपर्यंत चोर काय थांबणारेय?”

“मग त्यालाही जेवायला बसवा!”

नातीला पाहून दीड वर्ष झालं होतं. ऑर्व्हिलने मुकाट्याने बंदुकीसाठी तिजोरी आणली. उंच, अरुंद, लोखंडी. अंगठा टेकवला की हिरवा दिवा लागून दार उघडायचं. जास्तीची किल्ली मिळाली, ती त्याने घरातल्या सगळ्यात सुरक्षित जागी ठेवून दिली.

मग सराव सुरू झाला. ऑर्व्हिल आरामखुर्चीतून उठून धावायचा आणि त्याची बायको डोरीन स्वयंपाकघरातलं घड्याळ घेऊन वेळ मोजायची.

“चार सेकंद!” तो धापा टाकत ओरडे.

“छान. बीन्स करपल्या,” डोरीन म्हणे.

गावच्या कॅफेत त्याने हे चार सेकंद इतक्यांदा ऐकवले, की लोक त्याला पाहून कॉफी उभ्याउभ्याच संपवू लागले.

उरलेला वेळ तो शेडमध्ये असे. मेबेलच्या बाहुलीसाठी अक्रोडाच्या लाकडाचा पाळणा करत होता. दोन आठवडे रोज हाताने पॉलिशपेपर मारत होता. पोरीला एक कुसळ टोचता कामा नये, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

सण गुरुवारी होता. सोमवारी तिजोरीने लाल दिवा दाखवला. पुन्हा अंगठा, पुन्हा लाल दिवा. त्याने गुपचूप शेजारच्या ड्यूईला बोलावलं.

“अरे, घासून घासून तुझा ठसाच गेलाय,” ड्यूई अंगठा उन्हात धरून म्हणाला. “गाईच्या सडांना लावतात ते मलम लाव. आणि किल्ली कुठंय?”

“आहे सुरक्षित,” ऑर्व्हिल म्हणाला आणि विषय बदलला.

तीन दिवस तो मलम लावून हातात मोजा घालून फिरला. “गार वाटतंय,” असं डोरीनला सांगितलं. तिने मोज्याकडे एकदा पाहिलं.

गुरुवारी टर्की टेबलावर आली आणि जावई प्रेस्टनने फोनवरचं घड्याळ लावलं. “चार सेकंद म्हणे? दाखवा की, मामा!”

ऑर्व्हिलने अंगठा टेकवला. लाल दिवा. पुसून टेकवला, फुंकून टेकवला, चाटून टेकवला.

“चार मिनिटं झाली,” प्रेस्टन म्हणाला.

“बाबा, किल्ली आणा ना.”

ऑर्व्हिलने तिजोरीकडेच बोट दाखवलं. “आत आहे.”

असल्या तिजोरीवर ग्लेंडा कसली विश्वास ठेवतेय, आता उठून गाडीत बसणार, अशी त्याची खात्री झाली आणि त्याला खूप वाईट वाटलं. ग्लेंडाने मात्र त्याचा हात हातात घेतला. अंगठा लालबुंद होता, कातडं गुळगुळीत.

“हे काय करून घेतलंत?”

तेवढ्यात मेबेलने सोफ्यामागून पाळणा ओढत आणला. “आजोबा, हा कुणाचा?”

“तुझाच, बाळा.”

ग्लेंडाने लाकडावरून हात फिरवला. कुठे कुसळ लागलं नाही. मग तिने नवऱ्याकडे पाहिलं. “प्रेस्टन, बॅगा आण. रविवारपर्यंत राहतोय.”

“अगं, पण तिजोरी…” ऑर्व्हिल चाचरला.

“मालकालाच उघडत नाही! मला आणखी काय हवं?”

जेवणं झाली. मेबेलने गोड मागितलं. डोरीन उठली, तिजोरीपाशी गेली आणि सहज अंगठा टेकवला. हिरवा दिवा! आत बंदुकीशेजारी फजच्या चॉकलेटी वड्यांचा डबा होता. डॉक्टरांनी साखर बंद करूनही दर वर्षी पाहुण्यांच्या आधी ऑर्व्हिलच फस्त करायचा, तोच. तिने डबा काढला आणि दार लावून टाकलं.

“तुझा अंगठा यात कधी नोंदवलास?”

“आली त्याच दिवशी. तू माहितीपत्रक तोंडावर घेऊन घोरत होतास. सोमवारी ड्यूईला बोलावलंस तेव्हाच कळलं की तुला उघडत नाही, मग डबा आत टाकला.”

“आणि मघाशी मला घाम फुटला, तेव्हा बटाटे वाढत होतीस?”

“तेव्हा उघडलं असतं, तर मुक्कामही गेला असता आणि वड्याही.”

ऑर्व्हिल मांडीवरच्या नातीकडे बघत राहिला. तिच्या हातात दोन वड्या होत्या. “मग आता चोर आला तर मी काय करायचं?” त्याने विचारलं.

“मला हाक मार,” डोरीन म्हणाली. “पण खरंच चोर आला असेल तरच. मी आधी डब्यातल्या वड्या मोजीन.”