शिंगाड्यांच्या अंगणातला बर्फ

तमाम नागरिकांना अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं, की ज्या वर्षी आमच्या वसाहतीत पाण्याचा टँकर आठ दिवसांतून एकदा येत होता, त्याच वर्षी आमचे शेजारी श्री. भिवसन शिंगाडे यांनी भर ऑक्टोबरात आपल्या अंगणात बर्फ अंथरला. सहा लाद्या. एकीला एक भिडवून, दोरी धरून, वर लेव्हल ठेवून बुडबुडा मधोमध आला की नाही ते बघून. ज्यांना हसू येतंय त्यांनी खुशाल हसावं. मात्र त्या दिवशी जे घरात बसून हसले, त्यांना वितळलेल्या पाण्यात वाटा मिळाला नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

तेव्हा शहराचं नाव औरंगाबाद होतं आणि ते वाळूजच्या दिशेनं हातपाय पसरत होतं. आमची वसाहत म्हणजे काल-परवापर्यंतची ज्वारीची रानं. प्लॉट पडले, सिमेंटचे रस्ते झाले, विजेचे खांब उभे राहिले. दोनच गोष्टी यायच्या राहिल्या होत्या: घरं आणि पाणी. अशा त्या रिकाम्या रस्त्यांच्या टोकाला माझं घर आणि त्याला लागून शिंगाड्यांचं.

शिंगाडे कारखान्यात टूलरूममध्ये फिटर. खिशात पेनाच्या जागी सहा इंची स्टीलची पट्टी. मी पहिल्यांदा त्यांना चहाला बोलावलं, तेव्हा त्यांनी आधी माझं फाटक मापलं. "मास्तर, फाटक दोन सूत खाली गेलंय. चहा नंतर," म्हणाले आणि पान्हा आणायला गेले. ते परत आले तेव्हा चहा गार झाला होता आणि फाटक मात्र गेल्या तीन वर्षांत पहिल्यांदाच न कुरकुरता उघडलं.

पण त्यांचा खरा हट्ट वेगळाच. त्यांच्या घरात एक खिळा नव्हता. खिळ्याचं नाव काढलं तरी चेहरा वाकडा व्हायचा. "खिळा म्हंजे हेकेखोर माणूस. एकदा घुसला की निघताना भिंत घेऊन निघतो. नट-बोल्ट कसा, समजूतदार." खाट, फळ्या, देव्हारा, दारावरची नावाची पाटी, सगळं बोल्टवर. खाटेचे चार बोल्ट काढले की टेबल व्हायचं. टेबलाचे दोन काढले की शिडी. एकदा त्यांच्याकडे मुक्कामाला आलेला पाहुणा सकाळी उठून बसला, तर शिंगाडे म्हणाले, "जरा उतरता का, टाकीवर चढायचंय."

याचं मूळ त्यांच्या गावाकडे, पिशोरला. घराणं मेंढरांचं. वडील दिवाळी झाली की मेंढरं घेऊन निघायचे ते पावसाच्या तोंडाला परतायचे. सगळा संसार एका घोडीवर. "माझ्या आज्यानं उभ्या जन्मात अशी खुंटी ठोकली नाय, जी सकाळी उपटता येणार नाय," हे शिंगाडे इतक्या अभिमानानं सांगायचे, जणू आजोबांनी किल्ला बांधला होता. गंमत अशी की या घराण्यातला सिमेंटच्या घरात राहणारा पहिला माणूस म्हणजे हेच. इतकी वर्षं झाली तरी घर आवरलेलंच, कधीही घोडीवर लादता येईल असं.

घरात माणसं दोन. ते आणि त्यांची मुलगी शीतल. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. बाप-लेकीचं बोलणं मी कुंपणावरून ऐकायचो, ते बरंचसं असं:

"जेवलीस?"

"व्हय."

"किती?"

"दीड."

"बरं."

दीड म्हणजे भाकरी. इथंही माप.

या शीतलला आमच्या वसाहतीनं एक गोष्ट फुकट दिली. रिकामे, गुळगुळीत सिमेंटचे रस्ते. ती त्यांच्यावर चाकाच्या बुटांवरून धावायला शिकली, मग काठी घेऊन चेंडू मारायला आणि बघता बघता चाकांवरच्या हॉकीच्या राज्याच्या संघात जाऊन बसली. एका ओळीत चार चाकं असलेले ते बूट पुण्याच्या कुणा खेळाडूनं वापरलेले होते. शीतलचा डावा घोटा लहानपणी मोडून जरा बाहेर वळलेला. तिला कुठलाच बूट मानवायचा नाही. शिंगाड्यांनी महिनाभर खपून त्या बुटाच्या आत जुन्या घोंगडीचे तुकडे थरावर थर शिवले, तेव्हा कुठं तो पायाला बसला. त्यामुळं पोरीला जगात एकच बूट होता, असं म्हणा ना.

आणि मग ते पत्र आलं. उत्तरेत, पहाडात, हिवाळ्यात गोठणाऱ्या एका तळ्यावर मुलींचं बर्फावरच्या हॉकीचं शिबिर. चाकांवर चांगलं खेळणाऱ्या पोरी बर्फावर कशा चालतात ते बघायचं होतं त्यांना. जमलं तर पुढं तिकडंच राहून सराव. अट एक, बर्फाचे बूट ज्याचे त्यानं आणायचे. डिसेंबरात हजर व्हायचं.

नवे बूट घोट्याला चालणार नाहीत, हे बाप-लेक दोघांनाही माहीत होतं. शिंगाड्यांनी पत्र दोनदा वाचलं, घडी घातली, बूट उलटा केला आणि तळाला पट्टी लावली.

"चाकं काढू, पातं लावू," म्हणाले.

दिल्लीहून पार्सलनं जुन्या पात्यांची जोडी मागवली. चाकांची पट्टी बुटाला रिव्हेटनं, म्हणजे कायमच्या चपट्या खिळ्यांनी, ठोकलेली असते. ते रिव्हेट त्यांनी एकेक करून ड्रिलनं काढले, दात काढल्यासारखे. आता तिथं पात्याची बैठक ठोकली की काम संपलं. शेजारच्या गल्लीतले एक निवृत्त इंजिनिअर हे बघायला आले होते. ते म्हणाले, "चला, ठोका रिव्हेट. अर्ध्या तासाचं काम."

"ठोकायचं नाय," शिंगाडे म्हणाले.

त्यांच्या मनात एक प्लेट होती. ॲल्युमिनियमची, बुटाच्या तळाला कायमची बसणारी, आठ भोकांना आटे पाडलेली. आठ बोल्ट काढले की पातं निघालं पाहिजे, आठ लावले की चाकं बसली पाहिजेत. इंजिनिअर म्हणाले, "शिंगाडे, पोरगी जाणार बर्फावर. तिथं चाकं कशाला? उगाच चारपट काम."  शिंगाड्यांनी पट्टी काढून इंजिनिअरांच्या चपलेचा अंगठा मापला. ही त्यांची पाहुण्याला निरोप द्यायची रीत.

प्लेट तीनदा केली. पहिली जड. दुसरीत पातं बुटाच्या मध्यापासून केसभर सरकलेलं. केसभर म्हणजे मला तर दिसलंच नाही, पण शिंगाड्यांनी ती प्लेट माझ्या हातात देऊन "घ्या, पोळपाट करा" म्हणून सांगितलं. अजून आमच्या घरी आहे. तिसरी बसली. मग ते पात्याला धार लावायला बसले.

आणि इथं, सज्जनहो, टूलरूममधला पंचवीस वर्षांचा अनुभव बाजूला राहिला आणि आतला मेंढपाळ जागा झाला. लोकर कातरायच्या कातरीला धार कशी काढतात, ते त्यांनी मिसरूड फुटायच्या आधी शिकून घेतलं होतं. तशीच काढली. दोन्ही बाजूंनी घासत, मधोमध एकच कड, अशी लखलखीत की त्यांनी कागद सोडला आणि तो दोन तुकड्यांत खाली आला. "धार बगा," म्हणाले. मी दोन पावलं मागं सरकून बघितली.

आता चाचणी. या जिल्ह्यात बर्फ फक्त दोन ठिकाणी, रसवंतीच्या ग्लासात आणि बर्फाच्या कारखान्यात. शिंगाडे कारखान्यात गेले. तिथले चाचा म्हणाले, "छे लादी? शिंगाडे भाई, घर में शादी है क्या?"

"शादी नाय चाचा. टेस्टिंग है."

"दूल्हे की?"

टेम्पोतून, गोणपाटात आणि भुशात गुंडाळून लाद्या आल्या. टेम्पो गल्लीत शिरला आणि मागून थेंब थेंब पाणी रस्त्यावर पडू लागलं. त्या वर्षी आमच्याकडे थेंबाचा आवाज झोपेतसुद्धा ओळखू यायचा. पाच मिनिटांत शिंगाड्यांच्या कुंपणाला घागरी, बादल्या आणि हंडे लागले. सर्वांत पुढं माझी बायको.

"भाऊजी, तुमचं खेळणं कधी उरकतंय?" तिनं विचारलं.

"वहिनी, आत्ता लाद्या मांडल्यात."

"मांडा की. पण उताराकडं मांडा, म्हंजे पाणी एका जागी येईल."

"उतार नाय चालत. लेव्हल पाहिजे."

"लेव्हल पिता येत नाय, भाऊजी."

शीतल बूट घालून बर्फावर उभी राहिली. सरळ एक ढकल दिली, सुरेख घसरत गेली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मग तिनं पाय तिरपा करून जोर लावला. त्या एकुलत्या धारेनं बर्फ धरलाच नाही. पोरगी आडवी झाली, लाद्यांवरून सरकत गेली आणि माझ्या बायकोच्या रिकाम्या हंड्यात कोपरापर्यंत हात घालून थांबली.

"अप्पा," ती तिथूनच म्हणाली, "बूट केलाय का मेंढरू कातरायचंय?"

सगळे हसले. शिंगाडे हसले नाहीत. खाली बसून त्यांनी बर्फावरचा ओरखडा बोटानं चाचपला. शीतलनं पुण्याच्या प्रशिक्षकांना फोन लावला. ते म्हणाले, पात्याला मधून लांबच लांब नाली असते आणि दोन्ही कडांना वेगवेगळी धार. आतली आणि बाहेरची. त्या दोन धारांवरच तर खेळाडू वळतो आणि थांबतो.

"दोन धारा?" शिंगाडे पुटपुटले. "मधी नाली? धार काढायची का पाट खणायचा?"

त्या दिवशी पाणी पुष्कळ मिळालं. शिंगाड्यांच्या घरात मात्र चूल पेटली नाही. शिबिराला पाच आठवडे उरले होते. हे बूट बर्फ धरणार नसतील, तर पोरगी पहिल्याच दिवशी परत फिरणार, हे त्यांना दिसत होतं. माझ्या बायकोनं पिठलं-भाकरी पाठवली, तर म्हणाले, "मास्तर, मी तिला पाडलं."

"अहो, ती हसत होती."

"ती हसती. तिच्या आयवर गेलीया."

दुसऱ्या दिवसापासून ते जेवणाच्या सुट्टीत, साहेबांना विचारून, कारखान्यातल्या ग्राइंडिंगच्या मशीनवर उभे राहू लागले. दगडाची कडच त्यांनी गोल घडवली आणि पातं त्याच्याखालून लांबीत सरकवलं, म्हणजे मधे नाली पडते आणि कडा उरतात. ऐकायला सोपं. एक कड उंच झाली, घासून टाकली. दुसऱ्या खेपेला पातं तापलं, निळं पडलं, गेलं. दिल्लीहून दुसरी जोडी आली. डबा रोज तसाच परत यायचा. एका संध्याकाळी ते शिफ्टच्या बसमधून उतरले आणि कपडेसुद्धा न बदलता माझ्या फाटकात उभे राहिले. पात्यावर त्यांनी पट्टी आडवी ठेवली आणि माझ्या डोळ्यासमोर धरली.

"दोन्ही कडा सारख्या हायेत का बगा."

"मला काय कळणार?"

"म्हनूनच विचारलं. ज्याला कळतंय त्याला मी आठवडाभर विचारतोय. आरशात."

सारख्या होत्या.

पुन्हा चाचा, पुन्हा टेम्पो, पुन्हा सहा लाद्या. या वेळी बायकांनी आधीच नंबर लावून घागरी मांडल्या होत्या. शीतल उभी राहिली. एक ढकल, दुसरी, तिसरी. शेवटच्या लादीवर तिनं दोन्ही पाय एकदम आडवे टाकले. खर्रकन आवाज झाला, बर्फाचा चुरा उडाला, थेट पहिल्या रांगेतल्या बायकांच्या तोंडावर. आणि पोरगी जागच्या जागी उभी. एक बोटसुद्धा पुढं नाही.

गल्लीत एवढा ओरडा मी टँकर आल्यावरही ऐकला नव्हता. शिंगाडे शांतपणे वाकले, दोन्ही बुटांचे आठ-आठ बोल्ट काढले, पाती उतरवली, चाकं चढवली. म्हणाले, "जा, रस्त्यावर एक फेरी मारून ये." ती गेली, आली. मग पुन्हा चाकं काढली, पाती लावली. घड्याळ बघितलं. सहा मिनिटं. मान हलवली.

मला राहवलं नाही. "शिंगाडे, ते इंजिनिअर काही खोटं नव्हते बोलत. तिकडे सगळा बर्फच. परत चाकं लावायची सोय कशासाठी केली?"

ते बोल्ट पुसत होते. पुसतच राहिले.

"मास्तर, इथं बर्फ हाय का?"

"नाही."

"मंग पातं कायमचं ठोकून दिलं, तर तिला इथं यायला कारन काय ऱ्हातंय?"

हे म्हणून ते आत गेले. पट्टी अंगणातच राहिली होती. ती मी नेऊन दिली, तर म्हणाले, "ठिवा तिथं," आणि माझ्याकडे बघितलं नाही.

डिसेंबरात दिल्लीच्या गाडीला आम्ही तिला सोडायला गेलो. दुपारची वेळ. शिंगाडे प्लॅटफॉर्मवर सलग वीस मिनिटं बोलले. एवढं बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. कुठला बोल्ट आधी, कुठला नंतर. किती आवळायचा. पातं ओलं ठेवायचं नाही. घोंगडीचा तुकडा निघाला तर कुठल्या दोऱ्यानं शिवायचा. शीतल प्रत्येक वाक्याला "व्हय अप्पा" म्हणत होती. पोचल्यावर फोन कर, तब्येत सांभाळ, असलं काहीही ते बोलले नाहीत.

गाडी हलायच्या बेतात असताना तिनं पिशवीतून चाकांचा जोड काढला आणि खिडकीतून त्यांच्या हातात दिला. "अप्पा, ही तुमच्यापाशी ठिवा. तिकडं वझं कशाला? आल्यावर तुम्हीच लावा."

गाडी गेली. शेवटचा डबा गेला. मोकळे रूळ दिसू लागले. शिंगाडे हातात चाकं धरून तिथंच. मी दोनदा "चला" म्हणालो. अंगठ्यानं ते एक चाक हळूहळू फिरवत होते.

प्लॅटफॉर्म झाडणारी एक बाई झाडत झाडत त्यांच्या पायापाशी आली आणि थांबली. "सरका की मामा. गाडी कवाच गेली. कुनाला सोडायला आल्ता?"

शिंगाड्यांनी तिच्याकडे बघितलं, रुळांकडे बघितलं आणि अख्ख्या प्लॅटफॉर्मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "सोडायला नाय, बाई. घ्यायला आलोय. जरा लवकर आलो."