तिसरा रकाना

माझा राग अजून उतरलेला नाही, हे आधीच सांगतो. अकरा वर्षं मी इंदूरच्या कॉलेजात कॉमर्स शिकवतोय आणि गुंतवणुकीवर माझ्यासारखं बोलणारा माणूस अख्ख्या मध्य प्रदेशात नाही. छप्पन साली झालेल्या या राज्याचं वयही अकराच म्हणा!

तर मी विद्यार्थ्यांची पाहणी केली. प्रश्न एकच: 'गुंतवणुकीची आवड कशामुळे लागली?' रकाने तीन: वडील, वर्तमानपत्र आणि प्राध्यापकांची व्याख्याने. वर्गात विचारलं तर साठांपैकी एक्केचाळीस पोरांकडे गावातल्या कापड मिलचा शेअर निघाला, आणि त्या सगळ्यांनी तिसऱ्या रकान्यात खूण केली होती. माझे डोळे भरून आले. रीडरच्या जागेसाठी मला प्रिन्सिपल अप्पासाहेबांची शिफारस हवी होती. फॉर्मांचा गठ्ठा घेऊन मी तडक त्यांच्या खोलीत शिरलो.

अप्पासाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं.

"दिवाकरराव, या पोरांना लायब्ररीचं कार्ड सांभाळता येत नाही. रविवारी मिलची सालाना सभा आहे. माझेही वडिलांच्या वेळचे शेअर आहेत. दोघं जाऊ. पोरं दिसली तर तिथंच सही करतो."

रविवारी पोरं दिसली. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस, इस्त्रीचे कपडे घालून, फाटकापाशी रांगेत! वर्गात एवढी हजेरी मी जन्मात पाहिली नव्हती. अप्पासाहेब कार्ड दाखवून आत गेले. मागोमाग मी छाती काढून निघालो, तर चौकीदार नथूनं काठी आडवी घातली.

"सरजी, शेअरवाल्यांचं कार्ड?"

"अरे, या सगळ्यांना मी शिकवलंय."

"शिकवलं असेल जी. कार्ड दाखवा."

कार्ड कुठलं? माझ्याकडे शेअरच नव्हता. माझे पैसे पोस्टात असतात, सुखरूप. मी नथूवर असा ओरडलो की सगळी रांग वळून बघायला लागली. अप्पासाहेबही परत फाटकाशी आले.

तेवढ्यात रांगेतून सगळ्यांत आधी आत गेलेली, पहिल्या बाकावर बसणारी मंजुळा हातात पुडा घेऊन बाहेर आली.

"सर, चिढू नका ना. माझी कचोरी घ्या."

"कसली कचोरी?"

"शेअरवाल्यांना मिळते. दोन कचोऱ्या, गोडाला एक मावाबाटी आणि मिलच्या कपड्याचं कूपन. एक शेअर असो की हजार, पुडा सेम. मागच्या साली आपल्या वर्गातला उदयसिंह भिया असा पुडा क्लासमध्ये घेऊन आला होता. बस, तेव्हापासून सगळ्यांनी एक-एक शेअर घेऊन टाकला."

"आणि सरांची व्याख्यानं?" अप्पासाहेबांनी विचारलं.

"ती तर जेवणानंतर असतात, सर. नींद येते."

"मग तिसऱ्या रकान्यात खूण का केलीस?" माझा आवाज चिरकला.

"फॉर्मवर नाव लिहायचं होतं ना, सर."

अप्पासाहेबांनी सहीसाठी काढलेल्या पेनला टोपण लावलं आणि ते खिशात ठेवलं.

"दिवाकरराव, अकरा वर्षांत तुमच्या व्याख्यानांचा तुमच्यावर तरी काही असर व्हायला हवा होता."

मंजुळेनं हातात दिलेला तो पुडा नथूच्या अंगावर भिरकावावा, असं मनात आलं होतं. पण रागाच्या भरात मी कचोरी खाल्ली. मग दुसरीही खाल्ली. दोन्ही गरम होत्या.

सोमवारी सकाळी जाऊन मी मिलचा एक शेअर घेतला. दुपारी, नियम म्हणजे नियम, म्हणून माझाच फॉर्म भरायला बसलो, तर त्यात कचोरीचा रकानाच नाही! फॉर्म कुठल्या गाढवानं बनवला होता, ते मला चांगलं ठाऊक आहे.